काउंटेसचा हार

पोलीस निरीक्षक ओदिल फारो त्या हॉटेलच्या दालनात शिरली तेव्हा मालकीण मादाम जॉर्दां सगळ्या नोकरांसमोर मोलकरीण सोलांजला चोर म्हणत होत्या.

"पोलीस येईपर्यंत इथून हलायचं नाही!"

एकेकाळी इथे राहिलेल्या रशियन काउंटेसचा मोत्यांचा हार दालनातल्या काचपेटीतून नाहीसा झाला होता. तो पाहायला तीन पिढ्यांचे धनिक दर हिवाळ्यात नीसच्या या हॉटेलात उतरत आले होते.

मागोमाग धापा टाकत तिचा सहकारी गास्तों आला. त्याच्या पाठीवर कुणीतरी चिकटवलेला कागदी मासा ओदिलने हसत काढला.

"हसतेस काय? गावातली रोजची बाराची तोफ झाली म्हणून जेवायला पळालो, तर बायको अजून कांदेच चिरतेय! वर म्हणते, दरवर्षी फसतोस."

ओदिलने सोलांज आणि व्यवस्थापकाखेरीज सगळ्या नोकरांना बाहेर पाठवलं. मग ती मालकिणीकडे वळली. "हार कधी गेला?"

"बाराच्या सुमारास. नोकरांना जेवायला पाठवून परतले, तर पेटी रिकामी. किल्ल्या दोनच. एक हिच्याकडे, एक व्यवस्थापक देल्मासांकडे. उद्या जवाहिऱ्या मोती तपासायला यायचा होता हो!"

"मी मागे फुलदाण्यांचं पाणी बदलत होते, बाई," सोलांज म्हणाली. "कुणी पाहिलं नाही."

"आणि तुम्ही, साहेब?"

पॅरिसहून गेल्या उन्हाळ्यात आलेले देल्मास हसले. "सकाळभर तळघरात बाटल्या मोजल्या. बाराला समोर किनाऱ्यावर जाऊन बसलो. तोफ दणाणली, कबुतरं उडाली, मी घड्याळ लावलं."

"बघू घड्याळ."

ते अगदी बरोबर होतं.

"मग तोफ ऐकलीच नाहीत," ओदिल म्हणाली. "आज एक एप्रिल, पाठीवर कागदी मासे चिकटवून फसवायचा दिवस. आज बाराची तोफ अकरालाच उडवतात, गावाची जुनी थट्टा. गास्तों तिलाच फसला. तिच्यावर लावलेलं घड्याळ तासभर पुढे असतं. तुम्ही तेव्हा तळघरात होतात आणि बाराला या पेटीपाशी."

"पण हार चोरून मला काय..."

"उद्याच्या जवाहिऱ्याची धास्ती कुणाला? खरे मोती विकून खोटे ठेवणाऱ्याला. गास्तों, तळघरातल्या बाटल्यांमागे बघ."

गास्तों धुळीने माखलेला हार घेऊन वर आला. देल्मासांनी खिशातून पेटीची किल्ली काढून ओदिलपुढे धरली.

मालकीणबाई पुटपुटल्या, "सोलांज, झालं ते विसर. उद्यापासून नेहमीसारखी ये."

सोलांज जागची हलली नाही.

"चोर सगळ्यांसमोर म्हणालात, मादाम. मी चोर नाही, हेही सगळ्यांसमोर म्हणा."

मादाम जॉर्दां स्वतः दारापर्यंत गेल्या आणि एकेका नोकराला नावाने हाक मारू लागल्या.