भिंतीवरच्या माणसांची सावड

चहा ओता आधी, मग सांगतो. आणि मध्येच कोणी दात काढायचे नाहीत. शाझली माझ्याबरोबर बावीस वर्षं या टेकडीवरच्या हजारो वर्षांपूर्वीच्या, चित्रं रंगवलेल्या थडग्यांची राखण करत होता. ही कुणाच्या मामाच्या मेव्हण्याची गोष्ट नाही.

एप्रिलची अठरा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी कुलपं लावून झाली आणि शाझलीला आठवलं, चहाची किटली थडग्यातच राहिली. साडेसात वाजले असतील. किल्ली घेऊन एकटाच परत गेला. डोक्यात घरचंच घोळत होतं. गहू वाळून उभा, दोन दिवसांत वाळूचा वारा सुटणार असं रेडिओवर सांगत होते, म्हणजे वर्षाची भाकरी मातीत. ह्याची पाठ धरलेली, आणि मुलगा यासीन एकटा किती कापणार?

आत मोबाइलच्या उजेडात भिंत दिसली. ते चित्र तुम्ही रोज बघता, विळे घेऊन वाकलेले कापणीवाले. आता आपल्याकडे कापणाऱ्याजवळून कोणी मुक्यानं जातं का? सवयीनं हा बोलून गेला, "अल्ला बळ देवो, भावांनो." वर थट्टेनं म्हणाला, "तुमचं उरकलं की या माझ्याकडे सावडीला. मग आम्ही येऊ तुमच्याकडे." जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. किटली उचलून घरी आला.

शनिवारी सकाळी त्याची बायको सबाह वावरात उभी राहून तणतणत होती. "कुणा येड्यानं कापलंय हे? ओंब्या तेवढ्या नेऊन बांधावर रचल्या, आणि काड कमरेएवढं उभंच. ते काय मी कापू?"

"आई, फुकटात कापणी झाली, वर तक्रार?" यासीन हसला.

शाझली हसला नाही. वरच्यावर ओंब्या कापून काड सोडायचं, असं आपल्यात कोणीच करत नाही. भिंतीवरचे करतात. तो माझ्याकडे आला, सगळं सांगितलं. मी त्याला म्हटलं, उन्हात फिरू नकोस. त्याची लाज वाटते मला आजही.

सबाह सांगते, रविवारी रात्री, पावणेदोनला, दारावर थाप पडली.

बाहेरून कोणी बोलेना. नुसती थाप... मग दगडावर विळा घासल्याचा आवाज. एक विळा नव्हे. बरेच.

यासीन उठला. डोळे मिटलेले. खुंटीवरचा विळा काढला आणि दाराकडे निघाला. शाझलीनं त्याला कवळ घातली. पोरगा थांबेना... बापाला ओढत नेऊ लागला.

सावड फेडायला घरातला धडधाकट माणूस जातो. शाझलीला ते उमगलं.

"तो नको," तो दाराकडे बघून म्हणाला. "बोललो मी. मी येतो."

घासणं थांबलं.

त्यानं यासीनच्या हातातला विळा घेतला. कडी काढली. पाठ धरलेला माणूस... ताठ चालत गेला.

पहाटे सबाह माझ्या दारात. थडग्याची किल्ली त्या रात्री माझ्या उशाखाली होती. कुलूप बाहेरून जसंच्या तसं. मी उघडलं. आत कोणी नाही. तुम्हाला वाटत असेल, भिंतीवर एक माणूस वाढला. नाही. मी तीनदा मोजले. तेवढेच होते.

पण खाली, भिंतीला लागून, शाझलीच्या चपला होत्या. वावरात उतरताना आपण काढतो तशा.

मी उचलायला वाकलो. सबाहनं माझा हात धरला.

"राहू द्या, बदवीभाऊ. सावड एका दिवसाची असते. संध्याकाळी त्यांना लागतील."

मी हात मागे घेतला. बावीस वर्षं बघत होतो मी ती भिंत. तिथं दिवस मावळत नाही.

चपला अजून तिथंच आहेत. या टेकडीवर एका रात्रीत सगळ्यावर धूळ बसते, तुम्हीच झाडता रोज. त्यांच्यावर... बसत नाही.