एकही बुडबुडा नाही

पाच तास चाळीस मिनिटं झाली होती. आणखी फक्त वीस... आणि त्या शहाण्याने माझा प्लांट बंद केला.

विचारणं नाही, फोन नाही. मी नमुना ठेवायला लॅबमध्ये गेले, तेवढ्यात. परत आले तर पंप गप्प, आणि व्हॉल्व्हपाशी एक उंच, अनोळखी ऑपरेटर हात पुसत उभा.

"गॅस संपला होता," तो म्हणाला. "नळीच्या शेवटच्या काचेत एकही बुडबुडा दिसेना."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "अहो, दिसायलाच नको होता. या नळीत रबराच्या द्रावात क्लोरीन इतका बारीक मिसळतो, की शेवटच्या काचेपर्यंत सगळा मुरतो. बुडबुडे तुमच्या जुन्या टाकीत दिसतात, कारण तिथे निम्मा गॅस वाया जातो."

"मी टाकीवरूनच आलोय. आजच."

"मग तिथेच राहायचं होतंत."

साहेबांनी बजावलं होतं—नळी सलग सहा तास चालली तर ठेवू, नाहीतर पुन्हा टाकी. दोन वर्षांची माझी मेहनत, आणि आता नळीत रबराचा चिकट गोळा.

घरी आत्यापुढे तीन दिवस मी नुसती धुसफुसत होते. शेवटी ती ताट सरकवत म्हणाली, "उंच आहे, कळलं. चौथ्यांदा सांगितलंस."

मी जेवण अर्धं टाकून उठले.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्या ऑपरेटरने लिहून दिलं होतं—"चूक माझी, पद्धतीची नाही." मला आणखी एक संधी मिळाली. त्याची बढती मात्र लांबली.

मी तरातरा खाली गेले. तो नळी खरवडत बसला होता.

"हा मोठेपणा कोणी सांगितला होता?"

"मोठेपणा कसला... माझी चूक तुमच्या नावावर का जाऊ देऊ?"

नुसता संताप झाला. मी दुसरी खरवडणी उचलली आणि शेजारी बसले.

पुन्हा प्लांट सुरू केला तेव्हा तो काचेसमोर स्टुलावर बसला, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

"हे काय?"

"सवयीने जातील व्हॉल्व्हकडे."

मला हसू आलं. दाबलं.

सहा तास झाले. आणखी दहा मिनिटं गेली. काच नितळ, आत एकही बुडबुडा नाही. तो तिच्याकडेच बघत म्हणाला, "तुमच्या चेहऱ्यावरही काही दिसत नाही. मला तर... पहिल्या शिव्या खाल्ल्या त्या दिवसापासून तुम्ही आवडता. काहीच नसेल तर सांगा, मी विषय बंद करतो."

पुन्हा तेच. इतकं समजावून पुन्हा तेच.

"तुम्हाला एकदा सांगून कळत नाही का?" मी त्याचा हात काखेतून ओढून काढला आणि धरून ठेवला. "दिसत नाही म्हणून बंद करायचं नसतं."