ओलं

पोट वाढल्यावर तेफोच्या बायकोला माझी टेकडी चढवेना, म्हणून त्या उन्हाळ्यात तिचं पत्र लिहायला मीच तिच्या झोपडीत जायची. त्या दुपारीही तशीच निघाले. बगलेत कागद, केसांत पेन्सिल, पायाखाली तापलेली वाट. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, पाऊसही तेव्हाच. नाताळ तोंडावर आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. ज्वारीच्या पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या.

आमच्या लेसोथोच्या डोंगरातले पुरुष नदीपलीकडे सोन्याच्या खाणीत उतरतात, आणि बायका मागे राहून पत्रं धाडतात. ती पत्रं लिहायची मी. मला कुणी शाळेत घातलं नाही. पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं बघून शिकले, आणि मास्तरपेक्षा माझं अक्षर बरं आहे. हे त्याला तोंडावर सांगून झालंय.

दारात सासू भेटली, डोक्यावर रिकामी घागर.

"आलीस का कागद नासायला?"

"तुझा लेक उत्तर देत नाही म्हणून नासतो कागद."

"तो खाली दगड फोडतो, म्हातारे. उत्तरं कधी लिहील?"

"आणि बाकीच्यांचे नवरे खाली काय पत्ते कुटतात?"

ती पचकन थुंकली आणि दरीतल्या झऱ्याकडे निघून गेली. जवळचा कधीच आटला होता.

सासूला सगळे मातेफो म्हणत, म्हणजे तेफोची आई. सून माटेबेल्लो. टेबेल्लोचा अजून जन्मच झाला नव्हता. पण आमच्यात सून घरात येते त्याच दिवशी तिच्या पहिल्या लेकराचं नाव ठरतं आणि तिला त्याची आई म्हणून हाक मारायला लागतात. टेबेल्लो म्हणजे वाट पाहणं. सासूनं नाव अगदी हेरून ठेवलं होतं.

"लिहा आजी," माटेबेल्लो भिंतीला टेकून म्हणाली. "लाल कोंबडी अंड्यांवर बसलीय. घरच्या मोठ्यांचे गुडघे धरलेत. ओलं आटलं, आता दरीतून आणावं लागतं."

सासऱ्याचं नाव मेत्सिंग, म्हणजे पाण्यातला. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावात मिसळलेला शब्दही तोंडातून काढायचा नाही. म्हणून ती सासऱ्याला घरचे मोठे म्हणे आणि पाण्याला ओलं. हा ओलं शब्द तिनंच शोधलेला. त्या घरात दुसरी सून नव्हती, तेव्हा तो शब्द तिच्याशिवाय कुणाच्या तोंडी नव्हता. मीही तो तसाच लिहायची. पत्र तिचं होतं, माझं नव्हे.

"पुढे लिहा. बाळाआधी या. तुम्ही येईपर्यंत मी आईकडे जाणार नाही."

मी पेन्सिल खाली ठेवली. "पोरी, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझे दिवस भरत आले. जा आता."

"ते येतील."

"लग्न झाल्यापासून त्यानं एक ओळ धाडली नाही. दुसऱ्यांच्या बायकांना फोटो येतात, कापड येतं. तुला काय आलं?"

"वाचत तर असतील."

"कशावरून?"

तिनं खाली ठेवलेली पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली. गावातल्या निम्म्या झोपड्यांत बायका अशीच पेन्सिल माझ्या हातात देतात.

मग बाहेरचे किडे थांबले. भर दुपारी, सगळे एकदम. वास आला तो ओल्या दगडाचा. गावात थेंब नव्हता आणि ओल्या दगडाचा वास... त्यात सुरुंगाच्या दारूचा.

झोपडीपुढच्या बोरूच्या कुडापलीकडे कुणीतरी उभं राहिलं. फटींतून राखाडी घोंगडी दिसत होती, बाकी काही नाही.

"माटेबेल्लो."

आवाज तेफोचाच. नाकातला, जरा आळशी.

ती माझ्याकडे वळली. "आजी..."

"लाल कोंबडी... बसली का... अंड्यांवर?"

शब्द एकेक करून येत होते, मूल ओळीखाली बोट धरून वाचतं तसे.

"वाचली, आजी!" ती हसत होती, रडत होती. "कोंबडी मागच्या पत्रातही होती! सगळं वाचलं त्यांनी! अहो, आत या ना!"

"आत नको. ओलं दे."

तिनं भोपळ्याची वाटी मडक्यात बुडवली आणि उठली. माझ्या डोक्याआधी माझ्या हातानं तिचं मनगट धरलं. माझी आई सांगायची, पोटुशीच्या हातचं पाणी जो पितो त्याचा तिच्या पोटावर हक्क होतो. म्हणून आधी माणूस ओळखावा.

"काय मागितलं त्यानं?" मी कुजबुजले.

"ओ..." ती म्हणाली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मेत्सिंगचा मुलगा पाण्याला पाणीच म्हणतो. त्याला कसली आडकाठी? तो शब्द सुनेचा. ती तो घरात बोलायची आणि मी कागदावर लिहायची. कुडाबाहेर जे काही होतं, ते आमच्या पत्रांवरून बोलायला शिकलं होतं.

"तेफो!" मी ओरडले. "बापाचं नाव सांग!"

बोरू करकरले.

"घरचे... मोठे..."

"नाव!"

"घरचे मोठे... गुडघे... घरचे..."

वाटी तिच्या हातातून पडली. सांडलेलं पाणी जमिनीच्या उतारानं दाराकडे निघालं, तसं मी माझं पांघरूण त्याच्यावर टाकलं आणि वर बसले. किडे पुन्हा ओरडायला लागेपर्यंत बसून राहिले.

संध्याकाळीच तिला खेचरावर घालून माहेरी पोचवली. सासू शिव्या देत होती, देऊ दे.

नाताळानंतर खाणीचा माणूस आला. वसंतातच, आमचं पहिलं उन्हाळी पत्र जाण्याआधी, वरचा खडक बसला होता. तेफोसकट खालची माणसं निघाली नाहीत, मग खाणीनं तो बोगदाच बुजवून टाकला. कळवायला एवढा वेळ का, असं मी विचारलं तर तो घोड्याचा पट्टा आवळत बसला. मेलेल्यांची पत्रं शिक्का मारून परत येतात. गावचं टपाल उतरतं त्या दुकानात त्यांचा ढीग असतो. मी तो सगळा उपसला. तिचं एकही पत्र त्यात नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती काळ्या कपड्यांत सासरी परतली आणि माझी टेकडी चढून आली. पाठीवर टेबेल्लो, मुलगी, गोल डोळ्यांची.

"लिहा, आजी."

"कुणाला?"

"त्यांनाच."

"तो तेफो नव्हता, पोरी."

"तेफोनं कधी वाचलं होतं?" ती पाठीवरचं लेकरू सावरत म्हणाली. "यानं एकेक ओळ पाठ केली. कोंबडीसुद्धा. आणि या वेळी माझा शब्द नको. खरा घाला. मी उच्चारणार नाही, तुम्ही लिहा. घरच्या मोठ्यांचं नावही लिहा. म्हणजे पुन्हा कुणी त्यांना दारातून हाकलणार नाही."

"पाठीवर लेकरू आहे तुझ्या!"

"त्याच्यासाठीच तर."

मी पेन्सिल चुलीत टाकली. ती उतरून सरळ मास्तरकडे गेली. मास्तरनं लिहिलं. शुद्धलेखनासकट.

काल भर दुपारी माझ्या कुडाबाहेर कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या." स्वच्छ, न अडखळता.

"कुणाचा तू?"

"मेत्सिंगचा."

मी उठले नाही. पावलं टेकडी उतरून तिच्या झोपडीकडे गेली, तेव्हा मात्र काठी घेऊन मीही निघाले. गुडघे आता पूर्वीचे नाहीत. पोचले तर माटेबेल्लो दारात बसली होती, मांडीवर टेबेल्लो, शेजारी भोपळ्याची रिकामी वाटी. दोघी धड.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

लेकराच्या कपाळावर राखाडी दगडाच्या भुकटीचा अंगठा उमटला होता. अजून ओला. मी पांघरुणाचं टोक पुढे केलं, तर तिनं माझं मनगट धरलं.

"पुसू नका, आजी."