भांडणाची तालीम

डोकं वल्लरीचं, आणि त्या डोक्याचं काय करायचं हे ठरवायला आत बसले होते तिचे बाबा आणि सलिलकाका. "तू जरा बाहेर बस, उगाच टेन्शन नको," म्हणून बाबांनी दार लोटून घेतलं होतं. भरल्या सभागृहाला माइकवरून गप्प करणारी निवेदिका, पण दवाखान्यात आली की तिची पुन्हा चिमुरडी होत होती. संतापाने तिची कानशिलं तापली.

शेजारच्या खुर्चीवर एक तरुण कागदी कपातला चहा फुंकत बसला होता.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"तुम्ही त्या दाराकडे अशा बघताय ना... मला दाराची काळजी वाटली."

"आत माझ्या मेंदूची चर्चा चाललीय. मला वगळून."

त्याने एक घोट घेतला. "मग आत जा की. दाराला कडी नाहीये."

ती उठली आणि सरळ आत गेली. डॉ. उल्का सोमण पडद्यावर काहीतरी दाखवत होत्या. वल्लरीने खुर्ची ओढली आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा. डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला, खोलवर, रक्तवाहिन्यांचा एक गुंता झाला होता, तुतीच्या फळाएवढा. दोनदा त्यातून रक्त झिरपलं होतं, म्हणूनच मागच्या दोन कार्यक्रमांत तिचे शब्द मध्येच हरवले. ठेवला तर पुन्हा झिरपेल. काढायला जावं, तर बोलण्याच्या वाटा अगदी खेटून गेलेल्या, वाचा कायमची जायचीही भीती.

बाबा म्हणाले, थांबू या. काका म्हणाले, निदान हिचं कुठे जमून लग्न होईपर्यंत तरी.

"म्हणजे ही गाठ सासरी आंदण म्हणून नेऊ का?" वल्लरी म्हणाली. काका छताकडे बघू लागले. ऑपरेशन करायचं ठरलं, आणि ते तिने ठरवलं.

ते जागेपणी होणार होतं. डॉक्टर आत बारीक विजेचा स्पर्श करत जाणार, ती बोलत राहणार, आणि जिथे बोलणं अडेल तिथे हात लावायचा नाही. बोलतं ठेवायला समोर वाचातज्ज्ञ बसतो. तो वाचातज्ज्ञ म्हणजे बाहेर चहा फुंकत बसलेला तरुण. नाव शौनक.

तयारीच्या पहिल्या दिवशी त्याने तिला चित्रं दाखवली. छत्री, मांजर, बादली.

"मी बालवाडीत नाव घालायला आले नाहीये," ती म्हणाली.

"बरं. मग तुम्हाला सगळ्यात सहज काय बोलता येतं?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "भांडता येतं."

त्याला हसू आलं, पण त्याने चित्रं खरंच बाजूला ठेवली. तेव्हापासून दर गुरुवारी भांडणाची तालीम सुरू झाली. दुपारी दुकानं बंद ठेवावीत की नाही, हिंजवडीला राहणाऱ्याने स्वतःला पुणेकर म्हणावं का, साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा की काकडी... तो मुद्दाम चुकीची बाजू घ्यायचा आणि हरायला लागला की चष्मा पुसायचा. शनिवार पेठेत घरी परतताना बसमध्ये तिला आणखी झणझणीत उत्तरं सुचायची, आणि गुरुवार फार लांब वाटायचा. याचाही तिला राग यायचा.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी त्याच्या खुर्चीत त्याची सहकारी ऋचा बसली होती. शौनकने तिची केस सोडली होती, कारण न सांगता. वल्लरीने त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"का?"

"तुमचा शब्द अडला तर तो मला शांतपणे टिपता यायला हवा. आता... नाही जमणार."

"का नाही जमणार?"

तो चष्मा पुसू लागला. "ते तुम्हाला कळलंय, वल्लरी."

कळलं होतं. गाल गरम झाले, आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. पण राग आधी आला होता, त्यामुळे बोलायचा मान त्याचा. "मग हे मला विचारायचं होतं. बाबांनी मला बाहेर बसवलं, तुम्हीही तेच केलंत. बाबांनी निदान तोंडावर सांगितलं होतं."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. चुकलो, म्हणाला.

"ऐकायचं काम ऋचा करेल, भांडायचं तुम्ही. ऐनवेळी मी नवा माणूस कुठून आणू?"

डॉ. उल्कांनी दोन खुर्च्यांना परवानगी दिली.

तिला जागं केलं तेव्हा डोकं घट्ट बसवलेलं होतं, वर निळी चादर, आणि समोर मास्कच्या वर शौनकचे डोळे. दुखत नव्हतं. खिचडीवरून सुरुवात झाली.

"आज फार लवकर हरताय," ती म्हणाली. "तुमचं लक्ष नाहीये."

"आहे की."

"नाहीये. सगळं परस्पर करायची खोड आहे तुम्हाला. उद्या लग्नाचंही असंच..."

आणि शब्द थांबला. पुढचं सगळं मनात लख्ख होतं, पण जिभेवर काही येईना. ऋचाचा हात वर गेला. डॉक्टरांनी विजेची तार बाजूला घेतली. तरीही शब्द आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वल्लरी अशी घाबरली. शौनकला शब्द पुरवायची मनाई होती, तो नुसता बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"...ठरवाल," ती म्हणाली. "मला न विचारता."

ती वाट डॉक्टरांनी सोडली आणि दुसऱ्या बाजूने गेल्या. भांडण पुढे चालू राहिलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, निघाली, गाठ अख्खी निघाली.

शौनकने घसा साफ केला. "परस्पर नाही ठरवणार. विचारतोय... लग्न कराल माझ्याशी?"

"उत्तर पूर्ण वाक्यात द्या," चादरीपलीकडून डॉ. उल्का म्हणाल्या. "मला बोलणं तपासायचंय."

वल्लरीने ते कुठेही न अडखळता दिलं. "बाईचं डोकं उघडं असताना तिला मागणी घालतात का कुणी, जरा तरी पोच हवी माणसाला, टाके पडले की पुन्हा विचारा, तेव्हाही मी हो म्हणणार आहे."