मागच्याला अडवायचं नाही

परीक्षित थापा मारणाऱ्यांतला नाही. ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनांची गणितं करणारा, भुतांच्या गोष्टींना हसणारा माणूस. तोच हे सांगताना घाम पुसतो, म्हणून खरं मानावं लागतं.

गेल्या सप्टेंबरातला शनिवार. दुपारचे चार. हिअरफर्डजवळ वाय नदीचा काठ.

ऑफिसातला राजीव त्याला सॅमन मासे पकडायला घेऊन आला होता. राजीव इंग्लंडातच जन्मलेला. त्याने नियम सांगितला.

"वन कास्ट, वन स्टेप. गळ टाकायचा, प्रवाहाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकायचं. मागे कोणी असेल तर त्याला अडवायचं नाही, दॅट्स रिअली रूड. आणि त्या वाकड्या झाडाच्या पुढे जाऊ नको. तिथे काठ खालून पोकळ झालाय. पाणी खूप डीप आहे."

परीक्षितला पोहता येत नव्हतं. त्याने दोनदा मान डोलावली.

राजीव थर्मास आणायला गाडीकडे गेला.

परीक्षितने गळ टाकला. एक पाऊल सरकला.

मागे... सप्प.

कोणाची तरी दोरी हवेतून गेली. मग ओल्या गवतात एक पाऊल.

वळून बघायची त्याला लाज वाटली. गोऱ्यांपुढे आपण अडाणी दिसू नये, ही त्याची जुनी खोड. तो सरकला.

सप्प... पाऊल.

आता अगदी जवळ.

"सॉरी, ॲम आय टू स्लो?"

पुन्हा सप्प.

नदी वाहत होती, पण तिचा आवाज येईना. पाखरंही गप्प. परीक्षित भराभर सरकू लागला. गळ कुठे पडतोय, याचं भान नाही. वाकडं झाड कधी मागे पडलं, कळलंच नाही.

"परीक्षित! स्टॉप! हलू नको!"

तो थिजला. बुटाखालची माती सुटून पाण्यात पडली.

राजीवने कॉलर धरून त्याला मागे ओढलं. दोघंही गवतात आपटले.

"वेडा आहेस का? एवढ्या घाईत कुठे चालला होतास?"

"मागे तो माणूस होता ना... त्याला अडवायचं नव्हतं."

"कोण माणूस? आय वॉज वॉचिंग यू. तू एकटाच होतास."

तेवढ्यात... सप्प.

या वेळी पुढून. जिथे काठ संपला होता, त्याच्याही पुढून.

आणि मग, नदीच्या मधोमध, ओल्या गवतात पडावं तसं एक पाऊल.

ते राजीवनेही ऐकलं. रॉड तिथेच टाकून दोघं पळाले.

आता बसच्या रांगेत मागे खरंच कोणी उभं दिसलं, की परीक्षितला हायसं वाटतं. परवा मागे पाऊल वाजलं म्हणून वळून पाहिलं, तर कोणीच नव्हतं.

तरी तो एक पाऊल पुढे सरकला.