खालच्या थरातले ठोके

देवाला स्मरून सांगते, यातला एकही शब्द पदरचा नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. नोव्हा ओलिंदा गावाजवळची आमची चुनखडीची खाण. भर दुपार.

विद्यापीठातल्या इरासेमाबाई त्या दगडाचा अभ्यास करत होत्या. माझा धाकटा भाऊ झेफेरिनो खड्ड्यात उतरून छिन्नीने एकेक थर सोडवायचा. मी काठावर बसून वहीत लिहायचे.

"एक्केचाळिसावा थर. बोटभर जाड. दगड झालेला मासा आहे, ताई."

"लिहिलं. तुझ्यापेक्षा देखणा आहे का?"

"दाजींपेक्षा नक्कीच!"

आम्ही हसलो. आणि...

ठक. ठक. ठक.

खालून.

आमच्या खाणीचा एक नियम आहे. दगडाखालून ठोके आले की तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. आणि एकदा उत्तर दिलं, की आतला माणूस बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही. दरडीखालून आमचे आजोबा असेच वाचले होते.

झेफेरिनोने हातोडी उचलली.

"अरे, थांब!" इरासेमाबाई ओरडल्या. "खाली माणूस असेलच कसा? हे थर कोट्यवधी वर्षांत कुणी हलवलेले नाहीत!"

पण त्याने उत्तर देऊन टाकलं होतं.

मग तो खणतच राहिला. तीन दिवस.

प्रत्येक थर अखंड. प्रत्येक मासा जागच्या जागी.

आणि ठोके... कायम वीतभर खाली.

"ताई, खालचा माणूस दमत चाललाय गं," झेफेरिनो म्हणायचा. त्याची बोटं सोलून निघाली होती. घास घशाखाली उतरत नव्हता.

मी काय करणार? काठावर बसून मारियामातेचं भजन म्हणू लागले.

ठोके माझ्या तालावर पडू लागले...

मी गप्प झाले.

चौथ्या दिवशी तो कोसळला. आम्ही त्याला उचलून घरी आणलं.

आमचे फादर प्रवचन गाऊन सांगतात. त्यांचा सूर लागला की माझं काळीज निवतं. म्हणून रविवारी झेफेरिनोला आधार देत चर्चमध्ये नेलं. कबरीवरचा दगड सरकवतात आणि मेलेला जिवंत होऊन बाहेर येतो, तो प्रसंग फादर गात होते.

चर्चची फरशी आमच्याच खाणीतली.

ठक. ठक...

ठक.

झेफेरिनो उत्तर द्यायला वाकला. मी त्याचा हात दोन्ही हातांत आवळून धरला.

"सोड ताई. एकदाच. पाया पडतो तुझ्या!"

नाही सोडला.

बऱ्याच वेळाने एकच ठोका आला. अगदी हलका.

मग काहीच नाही.

भाऊ आता बरा आहे. जेवतो, माझी चेष्टाही करतो. मी त्याला वाचवलं, असं सगळे म्हणतात.

मी दर रविवारी चर्चमध्ये जाते. फादर गात असतात. मला सूर कळत नाही, शब्द कळत नाहीत. मी चपला काढून अनवाणी तळवे फरशीवर टेकवून बसते...

खालून कुणी एकदा तरी ठोकावं म्हणून.