दोन बाटल्या, एक कप्पा

गोंडपिपरीच्या बसस्टँडमागं भूपेशचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. नवे फ्रीज कोणीही दुरुस्त करतं. भूपेशकडं जुने येतात. खाणीतल्या साहेबांच्या बंगल्यांमधले, वडशाच्या राइस मिलवाल्यांकडचे, गोल खांद्यांचे, पोलादी कडीचे. ताडोबाकडच्या रिसॉर्टवाल्यांना असले फ्रीज शोभेला मांडायचे असतात, आणि शिवाय चालूही हवे असतात. पन्नास वर्षांचं धूड थंड का होत नाही, हे भूपेश मागच्या जाळीला नुसता हात लावून सांगतो.

एकच फ्रीज त्याला कळला नाही. तो त्याच्याच घरात होता.

प्लग

तो फ्रीज डोमाचा. डोमा म्हणजे गिरजाचा पहिला नवरा. भूपेशच्या समोरच्याच गाळ्यात तो हेच काम करायचा. तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. गेल्या वर्षी गिरजानं भूपेशशी पाट लावला, आणि येताना एक पेटी, एक शिलाई मशीन आणि हा मोतिया रंगाचा फ्रीज घेऊन आली.

फ्रीज चालत होता. मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस अंश असताना गिरजाची बाटली बाहेर काढली की तिच्यावर दव धरायचं. आणि त्याच कप्प्यात, तिला खेटून ठेवलेली भूपेशची बाटली कोमट असायची.

त्यानं जागा बदलल्या. बाटल्या बदलल्या. एकाच माठातलं पाणी एकाच वेळी दोन्हींत ओतलं. गिरजाचं पाणी दातांना झोंबायचं. त्याचं पाणी तोंड धुवायच्या लायकीचं.

"तुमी सारखं दार उघडून पाहून राह्यले, मंग कसं थंडं होईन जी?" गिरजा म्हणाली.

"तुह्यं तं होते."

"माह्यं होते," ती म्हणाली आणि पदरानं बाटली पुसली.

हे सांगणार कोणाला? मिस्त्रीच्याच घरचा फ्रीज त्याला विचारत नाही! त्यात मच्छीवाला चैतू टेम्पोत एक गंजलेला फ्रीज घालून आला. उतरवता उतरवता म्हणाला, "भूपेशभाऊ, डोमाभाऊ तं असा फ्रीज नुसता हात लावून थंडा करे."

"मंग जाय त्याच्याकडं."

"जाईन ना एक दिवस. सारेच जातीन. पन मच्छी तवरोक नाई टिकत."

दुकानातले सगळे हसले. भूपेशही हसला, थोडा उशिरा.

गॅस

रविवारी गिरजा बाजाराला गेली तेव्हा त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा नाही. तांब्याच्या नळीवरचे डोमाचे झाळकाम केलेले सांधे त्यानं बोटानं चाचपले. कुठं ओघळ नाही, गाठ नाही, सोनारानं केल्यासारखे. वीस वर्षांत असा एक सांधा भूपेशच्या हातून झाला नव्हता. बायकोच्या पेटीत दुसऱ्याची चिठ्ठी सापडावी, तसा तो त्या सांध्यांकडं बघत बसला.

मग त्यानं पकडीनं नळी कापली. फुस्स करून गॅस गेला. कॉम्प्रेसर सुरू करणारी रिले काढून खिशात टाकली. वायर तोडली. आयुष्यभर फ्रीज जिवंत करणाऱ्या माणसाला एक फ्रीज मारायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

गिरजा घामानं निथळत आली. कडी ओढून तिनं आपली बाटली काढली.

बाटलीवर दव होतं.

रबर

दार घट्ट लागतं का, हे पाहायची साधी रीत आहे. कागदाची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर सैल. दुसऱ्या दिवशी भूपेशनं वर्तमानपत्राची वीतभर पट्टी लावली. ओढली. निघेना. रबर चांगलं होतं. त्यानं हात सोडला.

पट्टी बोटभर आत गेली.

थांबली. मग आणखी बोटभर. कोणाला कसली घाई नव्हती.

खरं तर भूपेशनं घाबरायला हवं होतं. त्याला राग आला. त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या भांड्यांमध्ये कोणीतरी त्याच्याहून निवांत बसलं होतं.

त्यानं गिरजाला मनगट धरून फ्रीजसमोर उभं केलं.

"सांग त्याले."

"कोनाले?"

"तुले माहीत हाय. सांग का तू आता माह्यी बायको हायेस. त्याची नाई."

"काऊन उगा छेडता जी? दुकान हाय, घर हाय, मी हाय. येक थंडं पानीच तं नाई."

"सांग!"

तिनं मनगट सोडवून घेतलं. "म्हनीन. पन मंग मले इचारू नोका."

तिनं दार उघडलं, मान किंचित वाकवली आणि आत तोंड करून हळू बोलली. बराच वेळ बोलली. भूपेशच्या कानावर फक्त शेवट आला: "...त्यायले बी द्या."

त्या दुपारी त्याच्या बाटलीवर दव धरलं. तो उभ्यानं अख्खी बाटली प्यायला, दात झिणझिणले, मोठ्यानं हसला. दुसरी भरून ठेवली आणि संध्याकाळी चैतूसमोर नाचवली. "पाह्य! कोनाच्या हातचं हाय?"

दुसऱ्या दिवशी चहा ओठांशी येईपर्यंत गार झाला.

मग भात. गिरजाच्या ताटातून वाफ निघत होती.

दुपारी दुकानाच्या शटरला हात लागला. ज्यानं बोट भाजतं, ते लोखंड माठासारखं गार लागलं.

"मलेरिया हाय का काय भाऊ?" म्हणत चैतूनं त्याचा हात धरला. लगेच सोडला, आणि तळवा लुंगीला पुसत राहिला.

थर्मोस्टॅट

दुपारचे दोन. भूपेश भर उन्हात ओट्यावर बसला होता, गोधडी पांघरून. उघड्या दारातून गिरजाची पाठ दिसत होती, घामानं भिजलेली. ती फ्रीज उघडून उभी होती.

"गिरजे," तो म्हणाला. "बस झालं म्हनाव त्याले."

ती वळली नाही.

तिनं आत हात घातला. आतल्या थंडावा वाढवायच्या खटक्यावर एक ते सात आकडे होते. काटा तीनवर होता. वायर तोडलेली, नळी कापलेली. तो खटका आता कशालाच जोडलेला नाही, हे भूपेशनं कोणत्याही गिऱ्हाइकाला शपथेवर सांगितलं असतं.

झोपलेल्या माणसाच्या कपाळावरचे केस सारावेत, इतक्या हलक्या हातानं तिनं तो फिरवला.

चार.

इतक्या हलक्या हातानं तिनं आपल्याला कधी शिवलं नाही, हे आधी त्याच्या मनात आलं. मग तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्या रणरणत्या उन्हात त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.